सहीच्या आधी मतपेटी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस-ताडाळी पट्ट्यातल्या लोखंडाच्या कारखान्यांत वेतनकराराला मंजुरी कशी मिळते, हे इथल्या प्रत्येक कामगाराला पाठ आहे. पाळी बदलायच्या वेळी गेट मीटिंग लागते. नेते ट्रॉलीवर चढतात, महिन्याला किती वाढ मिळाली तो आकडा माइकवरून सांगतात, फटाके वाजतात, गुलाल उडतो आणि मग विचारलं जातं, "मंजूर आहे की नाही?" हात वर होतात. ट्रॉलीवर नेते उभे, सिक्युरिटीच्या केबिनजवळ पर्सोनेलचे साहेब उभे. कोणाचा हात खाली राहिला ते दोघांनाही दिसतं. उद्या ड्यूटी कुठे लागेल, ओव्हरटाइम कोणाला मिळेल, कोणाची बदली भट्टीवर होईल, हे ज्यांच्या हातात आहे त्यांच्या डोळ्यांदेखत हा निकाल लागतो.

मी याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात कामाला आहे आणि युनियनचा सभासद आहे. युनियन नसती तर आमचं काय झालं असतं हे मला नीट माहीत आहे, म्हणूनच हे लिहितो आहे. गेटवरचे हात म्हणजे मंजुरी नव्हे. कराराचा मसुदा सहीच्या आधी मराठीत प्रत्येकाच्या हातात पडला पाहिजे. त्यावर गुप्त मतदान झालं पाहिजे. आणि दवाखान्याच्या कलमावर वेगळं मत घेतलं पाहिजे, कारण यंदा खरा सौदा त्याच कलमात आहे.

सध्या फिरत असलेल्या मसुद्यात पगारवाढ आहे, ती कमी नाही. पण तिच्या सोबत वैद्यकीय सोयीची आखणी मुळातून बदलते आहे. आजवर पद्धत अशी होती की कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर बघायचे, औषध तिथून मिळायचं, बाहेर पाठवलं तर बिल जोडून पैसे परत मिळायचे. त्याला मर्यादा होत्या, पैसे उशिरा यायचे, क्लार्ककडे खेटे घालावे लागायचे, हे सगळं खरं. पण बायकोचा ताप, पोराचा खोकला, आईची शुगर या रोजच्या दुखण्यांना त्यात जागा होती. नव्या मसुद्यात त्याऐवजी सामूहिक मेडिक्लेम येतो. म्हणजे दवाखान्यात भरती झालं तरच पैसे. आई-वडिलांना घ्यायचं असेल तर हप्त्यातला मोठा वाटा कामगाराने भरायचा. खोलीच्या भाड्याला मर्यादा.

ही शेवटची अट बारीक अक्षरात असते आणि सगळ्यात जास्त तीच चावते. समजा, पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ३,००० रुपये आहे आणि नागपुरातल्या दवाखान्यात ६,००० ची खोली मिळाली. आपल्याला वाटतं, वरचे ३,००० आपण भरू, बाकीचं विमा कंपनी बघेल. तसं होत नाही. बहुतेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च अशा खोलीशी जोडलेल्या बाबीही त्याच प्रमाणात कापल्या जातात. खोली दुप्पट, तर त्या बाबींचे पैसे निम्मेच मिळतात. रात्री दोन वाजता छातीत दुखतं म्हणून दीडशे किलोमीटरवर नागपूरला नेलेल्या माणसाच्या घरचे लोक तिथे कोणती खोली परवडते याचा हिशेब करू शकतील का?

वाढीचा आकडाही नीट वाचायला हवा. माइकवरून सांगितली जाते ती सीटीसीतली, म्हणजे एका कामगारावर कंपनीच्या होणाऱ्या एकूण खर्चातली वाढ. त्यात कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ धरलेला असतो, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी धरलेली असते आणि अनेकदा मेडिक्लेमचा हप्तासुद्धा त्याच बेरजेत घातलेला असतो. म्हणजे दवाखान्याची जुनी सोय काढून घ्यायची, तिच्या जागी कमी सोय द्यायची आणि त्या कमी सोयीचा खर्च आमच्याच पगारवाढीत मोजायचा. हे कोणी लपवलेलं नाही, परिशिष्टात लिहिलेलं आहे. पण परिशिष्ट इंग्रजीत आहे आणि कामगारांच्या हाती आलंय ते अर्ध्या पानाचं पत्रक.

आमच्यातली तरुण पोरं या मुद्द्यावर माझ्याशी भांडतात. परवा कँटीनमध्ये एक फिटर म्हणाला, "भाऊ, मले दवाखाना लागतच नाही. घराचा हप्ता लागते, गाडीचा हप्ता लागते. पैसे हातात येऊन राहिले तं येऊ द्या नं." त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या, नुकतंच लग्न ठरलेल्या पोराला रोख रक्कम हवी असणं स्वाभाविक आहे. त्याच टेबलावर पन्नाशीतला एक ऑपरेटर बसला होता. तो काही बोलला नाही. त्याने डबा झाकला आणि पिशवीतून औषधाची पट्टी काढून गोळी घेतली. त्याच्या मुलाला सिकलसेल आहे.

सिकलसेल काय असतं हे चंद्रपूर-गडचिरोलीत समजावून सांगावं लागत नाही. इथल्या आदिवासी आणि इतरही समाजांत रक्ताचा हा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, तपासण्या वाढल्या, लोक उघडपणे बोलू लागले. पण या आजाराचा खर्च भरतीच्या बिलात मावत नाही. रोजच्या गोळ्या, ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी, ताप आला की लगेच धावपळ, दुखणं उठलं की दोन-तीन दिवस कामावरून सुट्टी. वर्षात एखादी भरती होते, तिचे पैसे मेडिक्लेम देईल. उरलेल्या अकरा महिन्यांचे कोण देणार? त्या ऑपरेटरच्या घरी वहिनींनी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले आहेत, वर रबर लावून. कराराच्या या कलमावर त्यांच्याइतका अधिकाराने बोलणारा माणूस आख्ख्या कमिटीत नाही, आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. कोणत्याच कामगाराच्या घरच्या बाईला विचारलेलं नाही. घरातलं आजारपण मात्र त्याच निभावतात.

आता धुळीबद्दल. लोखंड वितळवायच्या इंडक्शन भट्टीला आतून जे अस्तर लावतात, त्या रॅमिंग मासमध्ये मुख्यतः गारगोटीची पूड असते. ते अस्तर ठरावीक दिवसांनी फोडून काढावं लागतं. मे महिन्यात बाहेर पारा शेहेचाळीसच्या वर, आत भट्टीची धग, तोंडाला गमछा, आणि त्या पांढऱ्या धुळीत उभं राहून ब्रेकर चालवायचा. हे काम बहुतेक वेळा ठेकेदाराच्या माणसांकडे असतं, पण कायमचे कामगारही त्या धुळीतून सुटत नाहीत. या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, १९४८ च्या कारखाने कायद्यापासून व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. तो आज धूळ गेली आणि उद्या झाला असा आजार नाही. वर्षं जातात. कित्येकांना दम लागायला लागतो तो निवृत्तीनंतर किंवा नोकरी सुटल्यावर. आणि मेडिक्लेम नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. ज्या आजाराची पेरणी कारखान्यात होते, त्याचा खर्च कारखान्याच्या हिशेबातून कायमचा बाहेर काढणारं हे कलम आहे. मला तरी याला तोडीस तोड वाटेल अशी रोख वाढ सुचत नाही.

नोकरी संपल्यावरही उपचार देणं होऊ शकत नाही असं कोणी म्हणू नये. घुग्घुसलाच आमच्या शेजारी वेकोलिच्या, म्हणजे सरकारी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. निम्म्या घरांत एक भाऊ खाणीत तर एक कारखान्यात आहे. कोळसा कामगारांना निवृत्तीनंतर नवरा-बायकोच्या उपचारासाठी अंशदायी वैद्यकीय योजना मिळते, आणि ती राष्ट्रीय कोळसा वेतन करारातूनच आलेली आहे. युनियनने वाटाघाटीच्या टेबलावर धरून बसल्यामुळे आलेली आहे. खाणी सरकारी आहेत आणि आम्ही खाजगी, हा फरक मोठा आहे, मान्य. पण फुप्फुस सरकारी किंवा खाजगी नसतं.

त्याच कोळसा कराराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अकरावा करार मे २०२३ मध्ये झाला. १ जुलै २०२१ पासून पाच वर्षांसाठी, १९ टक्के किमान हमी वाढ. चांगला करार. पण त्यावर खाणीतल्या कामगाराने मत दिलं नाही. केंद्रीय संघटनांचे नेते आणि व्यवस्थापन बसले, त्यांनी ठरवलं, गावोगावी पत्रकं आली. करार चांगला झाला तेव्हा कोणाला काही खटकलं नाही. वाईट होईल तेव्हा विचारायचा हक्क कुठून आणणार? देशातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात बळकट संघटनांमध्येही सभासदाच्या मताची सवय लागलेली नाही. आपल्या चळवळीतली ही जुनी उणीव आहे आणि तिचा दोष एकट्या मालकांवर टाकता येणार नाही.

"महात्मा फुले योजना आहे की, मग कंपनीचा दवाखाना कशाला?" हा युक्तिवाद हल्ली व्यवस्थापन करतं, आणि काही नेतेही. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या रेशनकार्डासह सगळ्यांना लागू झाली, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. ही मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ती ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि उपचारांसाठी, यादीतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर आहे. शुगर-बीपीच्या महिन्याच्या गोळ्या, ओपीडी, तपासण्या यासाठी ती नाही. आणि मुळात, सरकार सर्व नागरिकांसाठी काही देत असेल तर त्यावरून मालकाची जबाबदारी कमी कशी होते? ती भट्टी सरकारने लावलेली नाही.

या देशात कामगाराच्या आजारपणाला हक्काची जागा सहजासहजी मिळालेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हा प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास करून १९४४ मध्ये अहवाल दिला. पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्या वाटेने आला. आज आपण ज्याला ईएसआय म्हणतो ते हेच. त्यात ओपीडी आहे, औषध आहे, आजारपणात पगाराचा भाग आहे, अवलंबून असलेले आई-वडील आहेत. कामगार ०.७५ टक्के भरतो, मालक ३.२५ टक्के. म्हणजे ज्या गोष्टी आमच्या मसुद्यातून बाहेर चालल्या आहेत, त्या १९४८ च्या कायद्यात होत्या.

आणि इथेच ठेकेदारी कामगारांचा प्रश्न उभा राहतो, ज्याबद्दल गेट मीटिंगमध्ये अवाक्षर निघत नाही. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये १५,००० वरून २१,००० झाली आणि वर्षानुवर्षं तिथेच थांबली. ठेकेदाराकडचा वेल्डर, फिटर, क्रेन ऑपरेटर या रेषेच्या अगदी काठावर असतो. वाढ मिळून पगार २१,००० च्या वर गेला की त्याचं योगदानाचं सहामाही सत्र संपल्यावर ईएसआय सुटतं. मेडिक्लेम त्याला मिळत नाही, कारण तो कंपनीच्या हजेरीपटावर नाही. हातात पाच-सातशे रुपये जास्त येतात आणि आख्खं कुटुंब उघड्यावर पडतं. म्हणून वाढ नाकारा असं मी म्हणणार नाही, कोणीच म्हणू नये. पण ठेकेदारांच्या दराबद्दल कंपनीशी बोलताना "मर्यादेच्या वर जाणाऱ्याला तितक्याच तोडीचं वैद्यकीय संरक्षण" ही अट आमची युनियन घालू शकते. ती घालत नाही, कारण ते आमचे मतदार नाहीत. भट्टीचं अस्तर फोडणारा मात्र ठेकेदाराचाच माणूस आहे.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंधक कायद्याने, जिच्याकडे सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद आहेत ती युनियन मान्यता मागू शकते. मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार मग सगळ्यांना बांधतो, सभासद असो की नसो. मान्यता सभासदसंख्येवर ठरते, कामगाराच्या गुप्त मतावर नाही. पुढे २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती इतर तीन श्रमसंहितांसोबत लागू झाली. तिच्यात एकट्याने वाटाघाटी करणाऱ्या युनियनला हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तेवढा कोणाकडेच नसेल तर किमान २० टक्के असलेल्या युनियनची वाटाघाटी परिषद बसते. या संहितेला आम्ही विरोध केला आहे. संपाच्या आधी सक्तीची नोटीस, ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला परवानगीशिवाय कामगार कपात आणि कारखाना बंद करण्याची मुभा, हे आमच्या गळ्याशी येणारं आहे. पण ५१ टक्क्यांचं तत्त्व मान्यतेला लागत असेल, तर करारालाही लावा असं आपणच का म्हणू नये? नेता कोण हे ठरवायला निम्म्याहून जास्त माणसं लागतात आणि नेत्याने काय लिहून दिलं ते ठरवायला गेटवरचा गलका पुरतो, याला न्याय म्हणत नाहीत.

बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणलं होतं, प्रातिनिधिक युनियनला मान्यता देणं मालकांवर बंधनकारक करणारं. त्यात 'प्रातिनिधिक' ही अट महत्त्वाची होती. युनियनचं बळ तिच्या पत्रकावर छापलेल्या पक्षचिन्हातून येत नाही.

आमच्या जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक युनियनच्या मागे एक पक्ष आहे. सत्ता बदलली की गेटवरचे बोर्ड बदलतात, तीच माणसं दुसऱ्या रंगाचे गमछे घालून येतात. निवडणूक जवळ आली की करार घाईने होतो, सहीचा फोटो नेत्यासोबत निघतो. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातच राजकीय कामासाठी वेगळा निधी ठेवायला सांगितलं होतं आणि त्यात वर्गणी द्यायची सक्ती कोणावर करता येणार नाही असंही लिहिलं होतं. म्हणजे कामगाराने राजकारण करावं, उघडपणे करावं, पण ते युनियनच्या गळ्यात बांधू नये, हे शंभर वर्षांपूर्वीच सुचलं होतं. पक्षाचा आधार लागतो हे मला कळतं. पोलीस गेटवर आले की आमदाराचा एक फोन कामाला येतो. पण ज्या फोनने पोलीस मागे जातात, त्याच फोनने करारावर सही पण होते.

सभासदाला न विचारण्याची किंमत काय असते ती एसटीने दाखवली. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी एसटी संघटनांच्या कृती समितीने सरकारशी बोलून उपोषण मागे घेतलं. आगारांतल्या चालक-वाहकांनी ते मानलं नाही. एसटी महामंडळाचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण करा, या मागणीवर संप पसरत गेला, विदर्भातली आगारंही बंद झाली, गावाकडची शाळकरी पोरं महिनोन्‌महिने पायी गेली. २४ नोव्हेंबरला सरकारने मूळ पगारात वाढ जाहीर केली, तरी लोक परतले नाहीत, कारण ती वाढ सांगणाऱ्या कोणावरच त्यांचा भरवसा उरला नव्हता. हजारोंवर बडतर्फी आली. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर या म्हणून सांगितलं तेव्हा ते प्रकरण निवळलं. विलीनीकरण झालं नाही. त्या माणसांनी सोसलं ते मी कमी लेखत नाही. पण त्यांच्या संघटनांनी आधी एकदा आगारात मतपेटी ठेवली असती, तर काय मान्य आहे आणि काय नाही हे पाच महिने आधी कळलं असतं, आणि लढा कोणाच्या हाती गेला असता हेही वेगळं असतं.

आमच्या कमिटीतल्या एका जुन्या मेंबरचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. ते म्हणतात, "गुप्त मतदान ठेवलं तर मालक पैसे वाटेल, आणि निकाल विरोधात गेला तर टेबलावर आपली पत जाते." पैसे वाटले जातील, ही भीती खरी आहे. पण गुप्त मतात विकत घेणाऱ्याला माल मिळाला की नाही ते कळत नाही. वर केलेल्या हातात ते लगेच कळतं. आणि पत? साठ टक्क्यांनी मसुदा फेटाळला असं कागदावर दाखवता आलं, तर नेत्याला दुसऱ्यांदा टेबलावर बसताना तेच मोठं बळ आहे. "माझी माणसं ऐकणार नाहीत" हे वाक्य आज आमचे नेते बोलूच शकत नाहीत, कारण माणसांना विचारलेलंच नसतं.

एरियर्स, म्हणजे वाढीची मागची थकबाकी अडकेल, हा दुसरा आक्षेप. आठ दिवस मसुदा बोर्डावर, एक दिवस मतदान. करार मागच्या तारखेपासून लागू होतो, तेव्हा नऊ दिवसांनी एरियर्स बुडत नाहीत.

यासाठी नवा कायदा लागत नाही. कोणताही कायदा युनियनला सभासदांचं मत घ्यायला अडवत नाही, आणि युनियनची घटना कशी बदलायची ते तिच्या नियमांतच लिहिलेलं असतं. म्हणून आम्ही काही सभासदांनी आमसभेसाठी ठराव तयार केला आहे. मसुदा मराठीत, आकडे हातात येणाऱ्या पगाराचे. मतदान गावातल्या शाळेत, पेटीवर बाहेरचा माणूस, एखादे निवृत्त गुरुजी चालतील. दवाखान्याच्या कलमाची चिठ्ठी वेगळ्या रंगाची. हजेरीपटाच्या निम्म्याहून जास्त मतं मिळाल्याशिवाय सही नाही. ठेकेदारी कामगारांना आजच्या घटनेत मत देता येत नाही, तर त्यांच्यासाठी वेगळी पेटी ठेवायची. तिचा निकाल बांधणार नाही, पण टेबलावर वाचला जाईल. या वेगळ्या पेटीला कमिटीतल्या काहींचा विरोध आहे आणि त्यावर आमसभेत भांडण होणार. व्हावं. सह्या गोळा करणं सुरू आहे. कँटीनमधल्या त्या फिटरने सही केली आहे, आणि त्याच वेळी सांगितलं आहे की तो मत वाढीच्या बाजूने देणार.